रायटर दर अर्ध्या तासाने बंद पडतोय, दोनदा नव्याने टाकूनही फरक नाही

जुळारी

दिवाळी अंकाची जुळणी लिबरऑफिस रायटरमध्ये चालू आहे. एकच ओडीटी फाईल, २१२ पानं, ९४ फोटो, फाईलचं वजन ३४० एमबी. मजकूर सगळा युनिकोडमध्ये, फाँट मुक्ता; जाहिरातींच्या पानांवर आणखी सात-आठ फाँट आहेत. मशीन डेस्कटॉप, विंडोज ११, रॅम १६ जीबी (८ च्या दोन स्टिक), एसएसडी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. लिबरऑफिस ६४-बिटचं आहे.

लक्षण असं: काम चालू असताना खिडकी एकदम नाहीशी होते. आधी अडखळणं नाही, "नॉट रिस्पाँडिंग" नाही, काही नाही. पुन्हा उघडलं की डॉक्युमेंट रिकव्हरीची खिडकी येते आणि दहाएक मिनिटांपूर्वीपर्यंतचं काम बहुतेक वेळा परत मिळतं. ठरावीक जागा सापडत नाही. कधी सेव्ह करताना, कधी फोटोचं पान सरकवताना, दोनदा नुसतं टाइप करताना.

आत्तापर्यंत केलेलं: प्रोग्रॅम काढून दोनदा नव्याने टाकला, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा घातला, अँटीव्हायरस बंद ठेवून पाहिला. फरक नाही. फाईलच बिघडली असावी असा माझा कयास आहे. पण सगळा अंक नव्या फाईलमध्ये ओतायचा म्हणजे चार दिवसांचं काम, आणि छापखान्याला फाईल द्यायला बारा दिवस उरलेत. ओतण्याआधी खात्री कशी करू?


चिमटा

ओतू नका अजून. आधी विंडोजने काय नोंदवलंय ते वाचा. प्रत्येक वेळी प्रोग्रॅम मेला की त्याची नोंद होते, आणि पुढचा सगळा शोध त्या नोंदीवर अवलंबून आहे.

स्टार्टमध्ये "इव्हेंट व्ह्यूअर" शोधून उघडा. डावीकडे विंडोज लॉग्ज, त्याखाली ॲप्लिकेशन. उजवीकडे "फिल्टर करंट लॉग" घेऊन इव्हेंट आयडीच्या जागी १००० टाका. आता फक्त बंद पडलेल्या प्रोग्रॅमच्या नोंदी उरतील. (१००२ म्हणजे हँग झालेला प्रोग्रॅम, तुमचं लक्षण ते नाही.) लिबरऑफिसचं नाव तिथे "एसऑफिस डॉट बिन" असं दिसेल, कारण खरं काम ती फाईल करते.

नोंद उघडली की तीन ओळी पाहायच्या. पहिली "फॉल्टिंग मोड्यूल नेम": प्रोग्रॅम नेमका कोणत्या फाईलच्या आत असताना पडला. दुसरी "एक्सेप्शन कोड": कशाने पडला. तिसरी "फॉल्ट ऑफसेट": त्या फाईलमधली जागा. शेवटच्या पाच-सहा नोंदींच्या या तिन्ही ओळी एका कागदावर एकाखाली एक उतरवून घ्या. एकच नोंद पाहून काही ठरवू नका, त्यात फसायला होतं.

कोड कसे वाचायचे ते थोडक्यात. ०एक्ससी००००००५ हा सर्वांत जास्त दिसणारा. आपल्या मालकीची नसलेली मेमरी वाचायला किंवा लिहायला गेला, असा त्याचा अर्थ. एकट्या या कोडवरून कारण कळत नाही, त्यामुळे तो इंटरनेटवर शोधून येणारे दहा उपाय करत बसू नका. शेवटी ३७४ असलेला म्हणजे प्रोग्रॅमच्या मेमरीच्या हिशोबाचीच मोडतोड झाली. शेवटी ००६ असेल तर डिस्कवरून किंवा नेटवर्कच्या ड्राइव्हवरून पान वाचता आलं नाही. तसं असेल तर रायटरचा नाद सोडून आधी डिस्क तपासा. शेवटी ०१डी म्हणजे प्रोसेसरला न समजणारी सूचना आली.

मोड्यूलचं नाव त्याहून बोलकं असतं. ते दर वेळी तेच आणि ऑफसेटही तोच असेल, तर चूक सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि ती सापडते: "डीराइट" असेल तर फाँट, "आयजी" ने सुरू होणारं लांबलचक नाव असेल तर इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर, "मर्ज्डएलओ" असेल तर लिबरऑफिसचा स्वतःचा गाभा. नाव दर वेळी वेगळं निघालं तर मात्र गोष्ट निराळी. नोंदी इथे टाका, मग पुढचं बोलू.


ओसरी

नोंदी काढाल तेव्हा काढाल, आज रात्री झोपण्यापूर्वी हातातलं काम सुरक्षित करा. अंकाच्या फाईलची प्रत आजची तारीख नावात घालून दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवा. रोज नवी प्रत, जुनी पुसायची नाही. ३४० एमबीच्या बारा प्रती म्हणजे चार जीबी, काहीच नाही.

मग टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल. तिथे ऑटोरिकव्हरीचे १० मिनिटं आहेत ते ३ करा आणि "ऑलवेज क्रिएट बॅकअप कॉपी" वर खूण करा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत सर्रास होते. ऑटोरिकव्हरी ही क्रॅशनंतर उचलायची तात्पुरती प्रत असते, प्रोग्रॅम नीट बंद केला की ती जाते. बॅकअप कॉपी म्हणजे तुम्ही सेव्ह करण्याच्या आधीची फाईल. सेव्ह होत असतानाच प्रोग्रॅम पडला तर हीच कामाला येते.

नव्याने टाकून फरक का पडला नाही, त्याचं कारण असू शकतं. लिबरऑफिस काढलं तरी तुमची प्रोफाइल जात नाही. सेटिंग्ज, एक्स्टेंशन्स, टूलबारचे बदल हे सगळं वेगळ्या फोल्डरमध्ये असतं आणि नवा प्रोग्रॅम तेच फोल्डर पुन्हा उचलतो. म्हणजे बिघाड प्रोफाइलमध्ये असेल तर तो दोन्ही वेळा जसाच्या तसा परत आला.

प्रोफाइल बाजूला करून पाहायची रीत अशी. लिबरऑफिस पूर्ण बंद करा, घड्याळाशेजारचा क्विकस्टार्टर चालू असेल तर तोही. विंडोज आणि आर एकत्र दाबा, ॲपडेटा हा शब्द इंग्रजीत दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह लावून टाइप करा, एंटर. लिबरऑफिस नावाचं फोल्डर, त्यात "४" (आवृत्ती कितीही नवी असली तरी हा आकडा ४ च राहतो, गोंधळू नका), त्यात "युजर". या युजर फोल्डरचं नाव बदलून "युजर-जुनं" करा. पुसू नका. पुढच्या वेळी प्रोग्रॅम नवं फोल्डर बनवेल.

एक सावधगिरी: रिकव्हरीच्या प्रती याच युजर फोल्डरमधल्या "बॅकअप" मध्ये असतात. नाव बदलल्यावर प्रोग्रॅमला त्यांचा पत्ता राहत नाही. म्हणून आधी बॅकअपमधलं सगळं दुसरीकडे कॉपी करून घ्या. हे विसरल्यामुळे काम गेलं अशी तक्रार वरचेवर येते.

नाव बदलण्याचा धीर होत नसेल तर हेल्प मेनूतून "रीस्टार्ट इन सेफ मोड" घ्या आणि "कंटिन्यू इन सेफ मोड" दाबा. तेवढ्या सत्रापुरती कोरी प्रोफाइल मिळते, हार्डवेअर ॲक्सिलरेशनही बंद राहतं. त्यात दोन तास काम करून पाहा. टिकला तर संशय प्रोफाइलवर किंवा ग्राफिक्सवर, पडला तर दोन्ही सुटले.


रानजाई

फाईलवर संशय आहे म्हणता तर तो अर्ध्या तासात मिटवता येतो, चार दिवस कशाला? फाईलची प्रत घ्या, पान १०७ पासून पुढचं सगळं पुसा, वेगळ्या नावाने सेव्ह करा. दुसऱ्या प्रतीत पहिली १०६ पानं पुसा. आता दोन्ही अर्धी उघडून तीच कामं करा ज्यांत प्रोग्रॅम पडतो: शेवटपर्यंत सरकवा, सेव्ह करा, पीडीएफ काढा. एकच अर्धं पडत असेल तर त्याचे पुन्हा दोन भाग. २१२ पानांतून एका पानावर यायला आठ फेऱ्यांच्या वर लागत नाहीत. शेवटच्या पानावर बहुतेकदा एखादा फोटो, वर्डमधून चिकटवलेला तक्ता किंवा जाहिरातीचा फाँट सापडतो.

दोन्ही अर्धी बिनतक्रार चालली, तर फाईल बिघडलेली नाही, जड आहे. आणि ९४ फोटो, ३४० एमबी म्हणजे फोटो कॅमेऱ्यातून आले तसेच घातलेले दिसतात. ६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो डिस्कवर तीन-चार एमबीचा असला तरी दाखवायला उलगडला की दर पिक्सेलला ४ बाइट धरून ९६ एमबी मेमरी घेतो. समोरासमोरच्या दोन पानांवर तसे पाच फोटो असले की अर्धा जीबी तिथेच गेला. पानावर १२ सेंटिमीटर रुंद छापायच्या फोटोला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) १४२० पिक्सेल पुरतात. फोटोवर राइट क्लिक करून "कॉम्प्रेस" घ्या आणि रिझोल्यूशन ३०० ठेवा, किंवा बाहेर लहान करून पुन्हा घाला. तोच फोटो उलगडल्यावर मग साडेपाच एमबी मेमरीत बसतो. मूळ फोटो अर्थातच जपून ठेवायचे.

पुढच्या अंकासाठी सांगते: एवढा मोठा अंक एका फाईलमध्ये ठेवूच नये. प्रत्येक लेख स्वतंत्र ओडीटी, आणि सगळ्यांना बांधणारं मास्टर डॉक्युमेंट. पानांचे आकडे आणि अनुक्रमणिका मास्टरमध्ये आपोआप जुळतात, आणि काही बिघडलं तर एक लेख बिघडतो.

फाँटचंही पाहा. जाहिरातवाल्यांनी पाठवलेले फाँट कुठून कुठून गोळा केलेले असतात. फाँट फाईलवर राइट क्लिक करून प्रीव्ह्यू उघडा. तो उघडताना अडला किंवा अक्षरं चौकोनी दिसली, तर तो फाँट काढून टाका आणि जाहिरात पीडीएफ किंवा चित्र म्हणून मागवा. मराठी जोडाक्षरं फाँटच्या आतल्या कोष्टकांवरून रचली जातात, आणि कोष्टक तुटकं असेल तर "क्ष्म्य"सारख्या ठिकाणीच नेमकं अडतं. इंग्रजी मजकुरात तोच फाँट वर्षभर गुण्यागोविंदाने चाललेला असतो.


जुळारी

तिघांचेही आभार. क्रमाने सांगतो.

सेफ मोडमध्ये ४० मिनिटांत पडला. अर्ध्या-अर्ध्या फाईली करून पाहिल्या: पहिलं अर्धं एकदा पडलं, दुसऱ्यांदा तेच करताना पडलं नाही. दुसऱ्या अर्ध्याचंही तसंच. जाहिरातींचे फाँट सगळे काढले, तरी एकदा पडला.

शेवटच्या सहा नोंदी:
एसऑफिस, मर्ज्डएलओ, कोडच्या शेवटी ००५.
एसऑफिस, एनटीडीएलएल, शेवटी ३७४.
एसऑफिस, मर्ज्डएलओ, ००५, पण ऑफसेट पहिल्याहून वेगळा.
एसऑफिस, यूसीआरटीबेस, शेवटी ४०९.
एक्सप्लोरर, एनटीडीएलएल, ००५.
पीडीएफ पाहायचा प्रोग्रॅम, त्याचंच मोड्यूल, ००५.

शेवटच्या दोन नोंदी पाहून बुचकळ्यात पडलोय. त्यांचा रायटरशी काही संबंध नसावा. आणखी एक गोष्ट, तिचाही संबंध आहे की नाही कळत नाही: फोटोंची दीड जीबीची झिप उघडताना "सीआरसी एरर" आली, म्हणजे आतल्या एका फोटोची पडताळणीची बेरीज जुळेना. पुन्हा डाउनलोड केली तर पुन्हा एरर, पण या वेळी वेगळ्याच फोटोवर.


चिमटा

संबंध आहे. मला रॅम बिघडलेली वाटते.

नुसतं मोड्यूल बदलतंय यावरून मी तसं म्हटलं नसतं. एखादा प्रोग्रॅम स्वतःचीच मेमरी चुकून खराब करतो आणि मग वेगवेगळ्या ठिकाणी पडतो, असंही होतं. पण एक प्रोग्रॅम चुकून दुसऱ्याच्या मेमरीत हात घालू शकत नाही, विंडोज तसं करू देत नाही. त्यामुळे रायटर, एक्सप्लोरर आणि पीडीएफचा प्रोग्रॅम असे तिघे पडत असतील तर कारण तिघांच्याही खाली आहे. त्यात झिपची एरर दर वेळी वेगळ्या फोटोवर येते. डाउनलोड अर्धवट असता तर एरर एकाच जागी आली असती.

रायटरच जास्त का पडतो तेही यात बसतं. बिघडलेली जागा रॅमच्या एका कोपऱ्यात असते. लहानसहान कामं तिथपर्यंत पोचतच नाहीत. ३४० एमबीची फाईल आणि उलगडलेले फोटो एवढी मेमरी मागतात की तो कोपरा वापरात येतो. तिथे ठेवलेल्या आकड्यातला एक बिट उलटला आणि तो आकडा मेमरीतला पत्ता असेल, तर प्रोग्रॅम भलत्याच दारात जाऊन उभा राहतो. तेच तुमचं ००५.

आधी दहा मिनिटांची, स्क्रूड्रायव्हर न लागणारी तपासणी. रॅमपेक्षा मोठी एखादी फाईल घ्या, तुमच्याकडे १६ जीबी आहे तर २० जीबीची; जुन्या व्हिडिओंची न आवळलेली झिप बनवली तरी चालेल. कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल, जागा, डॅश हॅशफाइल, जागा, फाईलचं नाव, जागा, एसएचए२५६ (सगळं इंग्रजी अक्षरांत) असं लिहून एंटर दाबा. ६४ आकडे-अक्षरांची एक ओळ मिळेल. तीच कमांड तीनदा चालवा. फाईल तीच, म्हणजे ओळ तीच यायला हवी. एक अक्षर जरी बदललं तरी मशीन वाचलेलं जसंच्या तसं धरून ठेवत नाहीये. फाईल रॅमपेक्षा मोठी सांगितली कारण लहान फाईल विंडोज पहिल्या वेळी मेमरीत ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथूनच देतं, मग चूकही दर वेळी तीच येते आणि सगळं ठीक वाटतं.

मग खरी चाचणी: मेमटेस्ट८६+. हे मोफत आणि मुक्त आहे, पेनड्राइव्हवर टाकून मशीन त्यावरून सुरू करायचं. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच उघडायच्या सेटिंग्जमध्ये) सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करावं लागू शकतं. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर त्याआधी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, नाहीतर परत विंडोज सुरू होताना ती मागितली जाईल. विंडोजची स्वतःची मेमरी डायग्नोस्टिकही आहे, पण ती वरवरची. तिने एरर दाखवली तर खरी माना, नाही दाखवली तर विसंबू नका.

रात्री लावून झोपा. चार पास (चाचणीच्या पूर्ण फेऱ्या) व्हायला १६ जीबीला काही तास जातात. लाल ओळ म्हणजे एरर; ती एक जरी आली तरी निकाल लागला. इथे "एखाद-दुसरी चालते" असं काही नसतं, शून्यच हवं.

लाल ओळ आली तर लगेच नवी रॅम आणायला धावू नका. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम वाढीव वेगावर चालवणारी सेटिंग) पाहा, काही बोर्डांवर त्याला डीओसीपी किंवा एक्सपो म्हणतात. डीडीआर४ च्या पुष्कळ स्टिकवर छापलेला ३२०० चा वेग हा १.३५ व्होल्ट देऊन मिळणारा वाढीव वेग असतो. मूळ प्रमाणित व्होल्टेज १.२ आहे. एक्सएमपी बंद करून पुन्हा चाचणी घ्या. लाल ओळी थांबल्या तर स्टिक चांगली आहे, फक्त तो वेग तुमच्या बोर्डाला किंवा प्रोसेसरला झेपत नाही. तशीच कमी वेगावर ठेवा. जुळणीच्या कामात फरक जाणवणारही नाही.

तरीही आल्या तर एकेक स्टिक. मशीन बंद, मागची वायर काढा, मग पॉवरचं बटन पाचएक सेकंद दाबून उरलेला करंट जाऊ द्या. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्टॅटिक उतरवा. कुलपं बाजूला करून स्टिक कडांना धरून सरळ वर ओढा. परत बसवताना खाच जुळवा आणि दोन्ही टोकं "टक्" वाजेपर्यंत दाबा. अर्धवट बसलेली स्टिक स्वतःच अशा एरर देते. चार खाचांचा बोर्ड असेल तर एकटी स्टिक सहसा प्रोसेसरकडून दुसऱ्या खाचेत. पहिली स्टिक, मग त्याच खाचेत दुसरी. एरर स्टिकबरोबर सरकली तर स्टिक वाईट, खाचेबरोबर राहिली तर बोर्ड.


ओसरी

स्टिकच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासायचा उपाय दुकानात हमखास सांगतात. त्याने कधी कधी काम होतं हे खरं, पण खडबडीत खोडरबर सोन्याचा पातळ मुलामा खरवडतो आणि त्याचा चुरा खाचेत जातो. त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल ९९ टक्के, धागे न सुटणारं कापड, एकाच दिशेने दोनदा पुसा आणि पाच मिनिटं वाळू द्या. कोकणात नाहीतर मुंबईत मशीन पावसाळाभर बंद पडून असेल तर हे करून पाहायला हरकत नाही.

आणि चाचणी होईपर्यंत त्या मशीनवर अंकाची फाईल सेव्ह करू नका, कृपा करून. वाचा, पण सेव्ह नको. दुसरं मशीन मिळवा.


जुळारी

दोन रात्रींचा निकाल.

सर्टयुटिलच्या तीन ओळींपैकी दोन सारख्या आल्या, तिसरी पूर्ण वेगळी. मेमटेस्टमध्ये सातव्या मिनिटाला पहिली लाल ओळ. एक्सएमपी बंद करून ओळी कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. मग एकेक: पहिली स्टिक एकटी, चार पास, शून्य एरर. दुसरी स्टिक त्याच खाचेत, अर्ध्या तासात ११ एरर. दुसऱ्या खाचेतही तिच्या एरर येतात. पट्ट्या अल्कोहोलने पुसून पाहिल्या, काही बदल नाही.

दुसरी स्टिक काढून ठेवली आहे. आता ८ जीबीवर रायटर कालपासून नऊ तास चालू आहे, एकदाही पडला नाही. रानजाईंनी सांगितल्याप्रमाणे फोटो ३०० डीपीआयला आणले, फाईल ६१ एमबीवर आली.

प्रश्न उरला तो हा: गेल्या तीन आठवड्यांत याच मशीनवर फाईल कितीतरी वेळा सेव्ह झाली आहे. तिच्यावर भरवसा ठेवू का? आणि नवी स्टिक कुठली घेऊ?


चिमटा

स्टिकचं आधी, ते सोपं आहे. बिल शोधा. रॅमवर बऱ्याच कंपन्या दीर्घ मुदतीची, काही तर आयुष्यभराची वॉरंटी देतात, आणि मेमटेस्टच्या लाल पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो पुरावा म्हणून उपयोगी पडतो. दोन्ही स्टिक एका जोडीत घेतल्या असतील तर कंपनी सहसा दोन्ही परत मागते, म्हणजे मधले काही दिवस मशीन रिकामं राहील. अंक छापखान्यात गेल्यावरच पाठवा. नवी घ्यायची झाली तर जुनीचा प्रकार, वेग आणि व्होल्टेज जुळवून घ्या. बसवल्यावर पुन्हा चार पास. नवीसुद्धा दुकानातून खराब येते.

विंडोजच्या फाईलीही त्या काळात अपडेट झाल्या असतील. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून एसएफसी, जागा, स्लॅश स्कॅननाऊ चालवा. ते चुकीच्या फाईली शोधून दुरुस्त करतं.


रानजाई

फाईलवर डोळे मिटून भरवसा ठेवू नका, पण घाबरूही नका. काय काय बिघडू शकतं ते समजून घेतलं की तपासणी सोपी आहे.

ओडीटी ही आतून झिप असते. सेव्हन-झिपमध्ये उघडून "टेस्ट" दाबलंत तर प्रत्येक भागाची बेरीज जुळते का ते कळेल. पण हे अर्धंच उत्तर आहे. बिट जर आवळण्याच्या आधी उलटला असेल, तर झिपच्या दृष्टीने चुकीचा मजकूरच बरोबर मजकूर ठरतो आणि टेस्ट बिनबोभाट पास होते.

फोटोंसाठी: ओडीटीची प्रत घेऊन नावाच्या शेवटचं ओडीटी बदलून झिप करा. आत "पिक्चर्स" फोल्डर आहे. त्यातले फोटो मोठ्या थंबनेलमध्ये पाहत जा. जेपेगमधला एक बिट चुकला की त्या जागेपासून खालच्या भागाचा रंग बदलतो किंवा चित्र आडवं सरकतं, डोळ्याला लगेच कळतं. शंका वाटली तर तो फोटो मूळ प्रतीतून पुन्हा घाला. लहान केलेले फोटोही याच मशीनवर केले होते का, तेवढं आठवून पाहा. दुसरी स्टिक काढल्यानंतर केले असतील तर प्रश्न नाही.

मजकुराचं मात्र नीट ऐका. देवनागरी अक्षरांचे युनिकोड आकडे शेजारी-शेजारी आहेत. "त" चा ०९२४, "द" चा ०९२६. दोन्हींत फक्त एका बिटाचा फरक आहे. "क" आणि "ग" मध्येही एकाच बिटाचा, "ब" आणि "म" मध्येही. म्हणजे "तार" चं "दार" होईल, "बाग" चं "माग" होईल, आणि स्पेलचेक यांतल्या एकालाही लाल रेघ मारणार नाही. शक्यता फार कमी आहे: २१२ पानांचा निव्वळ मजकूर मेमरीत जेमतेम एक एमबी होतो, फोटो त्याच्या कितीतरी पट. तरीपण कवितेच्या ओळीत किंवा कुणाच्या आडनावात असं झालं, तर ते छापलं जाईल आणि लेखकाला वाटेल की जुळणीत चूक झाली.

त्यासाठी पूर्ण अंक पुन्हा वाचायची गरज नाही. लेखकांकडून ईमेलने आलेल्या मूळ फाईली असतील, किंवा तीन आठवड्यांपूर्वीची दुसऱ्या डिस्कवरची प्रत असेल. आत्ताची फाईल उघडा, एडिट, ट्रॅक चेंजेस, "कम्पेअर डॉक्युमेंट" घ्या आणि जुनी प्रत दाखवा. वेगळं असलेलं प्रत्येक अक्षर रंगीत होऊन समोर येईल. तुम्ही स्वतः केलेल्या मुद्रितशोधनाच्या दुरुस्त्याही त्यात दिसतील, त्या ओळखीच्या असतील. जिथे फक्त एक अक्षर बदललंय आणि ते तुम्ही बदललेलं नाही, तिथे थांबा. एक लेख एका वेळी घ्या. २१२ पानं एकदम तुलनेला लावलीत तर खूप वेळ जाईल.

फोटो आणि तुलना दोन्ही झाल्यावर सगळं निवडून कोऱ्या, नव्या फाईलमध्ये सेव्ह करा, पीडीएफ काढा, आणि छापखान्यात ती पीडीएफ द्या, ओडीटी नको. पीडीएफचीही सर्टयुटिलची ओळ काढून ईमेलमध्ये लिहून पाठवा. त्यांच्याकडे पोचलेल्या फाईलची ओळ त्यांना काढायला सांगा, दोन्ही जुळल्या की मगच प्लेट काढायला सांगा.


जुळारी

पिक्चर्स फोल्डर पाहिलं. पान ८८ वरच्या फोटोचा खालचा पाव भाग हिरवट झाला होता. पडद्यावर तो मजकुराच्या चौकटीमागे अर्धा झाकलेला होता म्हणून लक्षात आला नव्हता. मूळ प्रतीतून घातला. लेखांची तुलना चालू आहे, ३१ पैकी १९ झाले, त्यांत माझ्या दुरुस्त्यांपलीकडे काही निघालं नाही. बारा उरलेत, ते उद्या.